तबकडी गेली, प्रश्न उरला

इंटरनेटवरून उतरवलेला चित्रपट कोऱ्या डीव्हीडीवर ‘राइट’ करायचा आणि दिवाणखान्यातील टीव्हीवर पाहायचा, हा दोन दशकांपूर्वी शहरी मध्यमवर्गाचा राजरोस उद्योग होता. त्याला चोरी म्हणून हिणवणे सोपे होते. मात्र त्यामागची गरज ना उद्योगाने वेळेवर ओळखली, ना कायद्याने. आज तबकड्या अडगळीत गेल्या असल्या, तरी घरातल्या प्रतीवर प्रेक्षकाचा हक्क किती, हा प्रश्न सुटलेला नाही.

केंद्र सरकारच्या 2004च्या ब्रॉडबँड धोरणाने 256 केबीपीएस हा किमान वेग ठरवला. या वेगाने 700 एमबीची फाइल उतरवायला सहा तासांहून अधिक काळ लागे. एवढ्यावर भागत नसे. फाइल बहुधा डिव्हएक्स किंवा एक्सव्हिड पद्धतीने लहान केलेली असे आणि साध्या प्लेअरला व्हीसीडीचे एमपेग-1 व डीव्हीडीचे एमपेग-2 यापलीकडचे काही उमगत नसे. त्यामुळे फाइलचे रूपांतर करण्यात आणखी काही तास जात. त्यानंतर ती 4.7 जीबीच्या तबकडीवर चढवायची आणि अखेरच्या टप्प्यात काही बिघडले, तर नव्या तबकडीनिशी पुन्हा श्रीगणेशा! इतका खटाटोप केवळ फुकटेपणापोटी होत होता, असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. हवा तो चित्रपट परवडणाऱ्या दरात, आपल्याच टीव्हीवर आणि आपल्या सवडीने पाहता यावा, ही त्यामागची साधी अपेक्षा होती.

ही अपेक्षा ओळखली ती कोऱ्या तबकड्या बनवणाऱ्या ‘मोझर बेअर’ने. 2007च्या सुमारास या कंपनीने चित्रपटांची अधिकृत व्हीसीडी 28 रुपयांना, तर डीव्हीडी 34 रुपयांना बाजारात आणली. चाचेगिरीशी लढायचे ते पोलिसांच्या छाप्यांनी नव्हे, तर किमतीने, हा त्यामागचा सरळ हिशेब होता. पुढे तबकडीचेच दिवस सरले आणि 2018 मध्ये ही कंपनी अवसायनात गेली. पण रास्त भाव आणि सहज उपलब्धता हेच खरे उत्तर, हा तिने दाखवलेला मार्ग चुकीचा नव्हता.

कायद्याची नजर मात्र वेगळी होती. महाराष्ट्राने 2009 मध्ये ‘एमपीडीए’ कायद्यात दुरुस्ती करून व्हिडिओ पायरेट्सना झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांच्या पंक्तीत बसवले. बनावट तबकड्यांचा धंदा करणाऱ्यांसाठी ही कठोरता समजण्याजोगी होती. पण घरात स्वतःपुरती प्रत काढणाऱ्याचे काय? 1957च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 52 खाजगी वापराला सवलत देत असे. मात्र ती साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृतींपुरतीच होती. चित्रपट तिच्या कक्षेबाहेर होते. म्हणजे घरोघरी तबकड्या राइट होत असतानाच्या काळात विकत घेतलेल्या चित्रपटाची स्वतःसाठी प्रत काढणाऱ्यालाही या सवलतीचा आधार नव्हता.

2012च्या दुरुस्तीने संगणक प्रणाली वगळता सर्वच कृतींना ही सवलत लागू केली. अनधिकृत मार्गाने उतरवलेल्या चित्रपटाला त्यामुळे सरसकट अभय मिळाले, असे नव्हे. तरीही ‘खाजगी वापर’ चित्रपटाच्या बाबतीतही मान्य झाला, हे महत्त्वाचे. दुर्दैव असे, की हक्क मिळाला तेव्हा तबकडी निघून चालली होती. स्ट्रीमिंगच्या जमान्यात प्रेक्षकाच्या हाती प्रतच राहत नाही. तो पैसे मोजतो ते पाहण्याच्या परवान्यासाठी. हक्कांचा करार संपला, की चित्रपट यादीतून नाहीसा होतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने तर 1 जानेवारी 2025पासून असे बंधन घातले आहे, की मिळणारा केवळ परवाना असेल, तर तसे स्पष्टपणे सांगितल्याखेरीज डिजिटल वस्तू ‘खरेदी करा’ असे म्हणून विकता येणार नाही. आपल्याकडेही एवढा प्रामाणिकपणा बंधनकारक करायला काय हरकत आहे?

दरम्यान, कपाटातल्या जुन्या तबकड्याही कायमच्या नाहीत. राइट केलेल्या डीव्हीडीवरील माहिती सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरात असते आणि ऊन, उष्णता व दमट हवा यांनी तो थर हळूहळू खराब होतो. प्लेअरही दुर्मीळ होत चालले आहेत. त्यांवर चित्रपटांच्या शेजारीच घरची लग्ने, बारशी, शाळेची स्नेहसंमेलने जपलेली आहेत. ती वाचवायची, तर एकच उपाय आहे: वेळीच त्यांची पुन्हा प्रत काढणे. जी कृती काल संशयास्पद ठरवली गेली, तीच आज स्मृती जपण्याचे एकमेव साधन ठरावी, यातच या साऱ्या वादाचे मर्म आहे.