कावळ्याआधी माणसाला विचारा

साताऱ्याजवळ माहुलीच्या संगमावर दहाव्याला गेलात, तर एक प्रकार हमखास बघायला मिळतो. पिंड मांडलेला असतो, कावळे झाडावर बसलेले असतात आणि खाली काही उतरत नाहीत. मग थोरला मुलगा पुढे होतो. हात जोडून म्हणतो, "दादा, आईला मी सांभाळतो." कावळा ढिम्म. चुलते सुचवतात, "धाकट्याच्या लग्नाचं बोल." तो बोलतो. तरी नाही. मागून कुणीतरी पुटपुटतं, "वाटणीचं बोला की जरा." बऱ्याच वेळानं कुणाला तरी आठवतं, की गेलेल्याला कांदाभजी फार आवडायची. लगेच एक मोटारसायकल भजी आणायला पळते. शेवटी ऊन चढतं, भटजींना दुसरीकडे जायचं असतं, आणि दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात.

मला या रीतीची चेष्टा करायची नाही. उलट ती मला आवडते. सगळ्या गोतावळ्यासमोर "तुमची काय इच्छा राहिली?" असं मोठ्यानं विचारायची आपल्याकडे तेवढी एकच जागा उरली आहे. माझी तक्रार वेळेबद्दल आहे. ज्याला हे विचारायचं, तो महिनाभर आधी घरात कॉटवर बसून होता, बोलत होता, भजी मागत होता. तेव्हा त्याला तेलकट चालत नाही म्हणून गप्प बसवलं होतं.

मी विम्याची एजंट. उमेदीची सगळी वर्षं याच धंद्यात गेली. मरणावर पोट असलेल्या आम्हा लोकांच्या तोंडी मरण हा शब्द मात्र कधी येत नाही. आम्ही म्हणायचं, "उद्या काही बरंवाईट झालं तर", "तुमच्या पश्चात". तेवढ्यानंही आतून बाई ओरडते, "ताई, तिन्हीसांजेला शुभ बोला!" म्हणून तर आपल्याकडे मनीबॅक खपते. जिवंतपणी पैसे परत येतात ना! निव्वळ टर्म इन्शुरन्स काढायला सांगितलं, थोड्या हप्त्यात मोठं संरक्षण मिळतं हे समजावलं, की समोरचा विचारतो, "म्हणजे मी जगलो-वाचलो तर पैसे बुडाले?" जगणं हे कुणाला बुडीत खातं वाटू शकतं, हे मी याच धंद्यात शिकले.

आणि नॉमिनीचा रकाना! पोराचं शाळेचं नाव ठरवायला घर महिनाभर बसतं, नॉमिनीचं नाव मात्र पेन उचलता उचलता सांगून टाकतात. लग्नाआधीच्या पॉलिसीवर आईचं नाव, आई केव्हाच गेलेली, नाव बदलायचं राहिलेलं, आणि आता बायको वारसदाखल्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढते आहे. असले क्लेम मी पुष्कळ पाहिले. शिवाय नॉमिनी म्हणजे मालक, हा समज घट्ट बसलेला आहे. विम्यात २०१५च्या दुरुस्तीनंतर आईवडील, नवराबायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच होते. बँकेतल्या ठेवींचं आणि शेअर्सचं तसं नाही. तिथे नॉमिनी पैसे घेतो, हक्क वारसांचा राहतो. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली ते पुन्हा स्पष्ट केलं. मृत्युपत्राला तर स्टँपपेपरही लागत नाही. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी ते होतं. एवढं सोपं आहे, तरी सगळं अडतं कुठे, तर "असलं काही बोलू नये" इथे.

पण पैशाचं एक वेळ निस्तरता येतं. माझ्या घरात जे झालं ते वेगळं आहे, आणि खरं तर त्यासाठीच हे लिहिते आहे.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, शहाऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांची जाऊ एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात शेवटचे काही आठवडे व्हेंटिलेटरवर होती. आत्या भेटायला गेल्या. काचेतून पाहिलं, हात लावू दिला नाही. घरी आल्या, पाय धुतले आणि म्हणाल्या, "माझं असलं काही करायचं नाही." माझे यजमान पटकन म्हणाले, "आई, काहीतरीच काय बोलतेस? तू शंभरी गाठणार आहेस." आत्या गप्प झाल्या. हे वाक्य मायेचं असतं हे मला कळतं. पण या एका वाक्यानं जितक्या म्हाताऱ्यांची तोंडं बंद झाली असतील, तितकी दुसऱ्या कशानं झाली नसतील.

पुढे एका दुपारी कोरेगावहून आलेला वाघ्या घेवडा निवडत आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो. हात कामात असले की नजरेला नजर द्यावी लागत नाही, बोलणं आपोआप निघतं. मी विचारलं, "आत्या, त्या दिवशी तुम्ही म्हणाला होता ना, तसलं काही करायचं नाही, म्हणजे नेमकं काय?" आत्यांनी खडा बाजूला टाकला आणि सुरूच झाल्या. नळ्या नकोत. मशीन नको. दुखलं तर मात्र इंजेक्शन द्या, "दुखणं सोसायची मला हौस नाही." डोळे दान करायचे, आणि त्याला सहा तासांच्या आत डॉक्टर यावे लागतात हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं, रेडिओवर ऐकलेलं. परदेशातल्या नातवाची वाट बघत बर्फात ठेवायचं नाही, "त्याला त्या फोनवर दाखवा." तेराव्याला गावजेवण नको. पाटल्या थोरल्या नातीला.

आणि मग, त्याच दमात, "आणि मला सकाळचा पहिला चहा साखरेचा पाहिजे."

मी थांबलेच. मधुमेह म्हणून त्यांचा चहा आम्ही कधीपासूनच बिनसाखरेचा केला होता. त्यांनी कुरकूर केली नव्हती, आम्हीही विचारलं नव्हतं. मरणाचं दार किलकिलं झालं, तर आतून असल्या मागण्यांची रांगच निघाली. कॉट खिडकीशी हलवा, अजिंक्यतारा दिसला पाहिजे. संध्याकाळी देवळात जाताना कुणी हात धरू नका, मागून चाला. त्या मालिकांचा आवाज कमी करा. माहेरच्या भावकीतली एक म्हातारी वाईला असते, तिला एकदा भेटवून आणा. डॉक्टरांना विचारून अर्धा चमचा साखरेवर तडजोड झाली. वाईला जाऊन आलो. दोघी म्हाताऱ्या गणपती घाटावर बसून कोण कोण गेलं याची यादी करत होत्या आणि मध्येच खळखळून हसत होत्या. आम्हाला मात्र "तुम्ही जा, मेणवली बघून या" म्हणून पिटाळलं.

समाधान समाधान म्हणतात, ते मी आमच्या घरात तेव्हा पाहिलं. आत्यांचं दुखणं कमी झालं नाही, वयही उतरलं नाही. पण शेवटचं काय होणार हा घोर एकदा बोलून झाला, तसं त्यांचं लक्ष रोजच्या चहाकडे, खिडकीकडे, दारावरच्या भाजीवाल्याशी घासाघीस करण्याकडे परत आलं. आमचंही तेच. आता त्यांच्याजवळ बसताना घरातलं कुणी अवघडून बसत नाही.

हे सगळं आधुनिक खूळ आहे असं कुणाला वाटेल. लंडनमध्ये २०११पासून म्हणे चहा-केक घेत मरणावर गप्पा मारायच्या बैठका भरतात. भरोत बापड्या. आमच्या आज्यांना बैठकीची गरज नव्हती. देवघरात काशीच्या गंगाजळाचा झाळलेला गडू असायचा आणि तो कशासाठी आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत असायचं. ट्रंकेत तळाशी शेवटचं लुगडं घडी घालून ठेवलेलं असायचं, आजी ते वर्षातून एकदा ऊन दाखवायची. विनोबांनी पवनारला १९८२ साली अन्नपाणी आणि औषध थांबवलं, तेव्हा साऱ्या देशात चर्चा झाली. पण "आता मला पाणी पुरे" म्हणून शांतपणे कुशीवर वळणारी माणसं त्याआधीही गावोगाव होती. मरण घरातून उठून दवाखान्यात गेलं, आणि मग त्याच्याविषयीचं बोलणंही घरातून गेलं.

आता दवाखान्यातच मरायचं आहे, तर तिथली भाषा शिकून घ्यावी लागेल. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि 'लिव्हिंग विल'ला मान्यता दिली. बरं होण्याची आशा नसलेल्या अवस्थेत कोणते उपचार नकोत, हे शुद्धीत असताना लिहून ठेवायचं. सुरुवातीला त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, म्हणजे कुणी करणारच नाही अशी सोय होती. २४ जानेवारी २०२३ रोजी ते सुटसुटीत झालं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्या वतीनं बोलणाऱ्या माणसांची नावं त्यात घालायची, त्यांना ते आधी सांगायचं, आणि एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची. वेळ येते तेव्हाही घरचे म्हणाले आणि मशीन काढलं असं होत नाही. डॉक्टरांची दोन मंडळं तपासून ठरवतात. गोव्यात उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०२४मध्ये स्वतःचं लिव्हिंग विल करून सुरुवात करून दिली. आपल्याकडे मी ज्या कार्यालयात चौकशी केली, तिथल्या कारकुनानं माझ्याकडे अशा काळजीनं पाहिलं, की मीच म्हटलं, "अहो, मी बरी आहे."

लिव्हिंग विलला इच्छामरण म्हणून हेटाळू नये. केईएमच्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३पासून २०१५पर्यंत अंथरुणावर होत्या. त्यांच्या खटल्यात २०११ साली आलेल्या निकालाने ही वाट किलकिली केली, पण त्यांना स्वतःला काय हवं होतं हे सांगायची संधी त्यांना कधीच मिळाली नाही. आपल्याला ती आहे.

एक आक्षेप मात्र मी मनापासून मानते. म्हातारं माणूस सुनेच्या तोंडून हा विषय ऐकतं, तेव्हा त्याला वाटतं, आपण जड झालो. काही घरांत ते खरंही असतं, सातबाऱ्यावर डोळा ठेवून विचारणारे मी पाहिले आहेत. शिवाय नळ्या नकोत असं म्हणणाऱ्याला वेदना कमी करणारे उपचार मिळाले नाहीत, तर त्या कागदाला काय अर्थ? मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६पासून आहे, पुण्यात वारज्याचं सिप्लाचं केंद्र १९९७पासून. मॉर्फीनचे नियमही २०१४ साली सैल झाले. तरी तालुक्याच्या गावी कॅन्सरचा रोगी रात्रभर कण्हतो, हे मी क्लेमच्या निमित्तानं घराघरांत जाताना पाहिलं आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात यासाठी खाटा आणि शिकलेली माणसं हवीत. ही मागणी उमेदवार दारात आले की करायची आहे.

आणि जड झाल्याची शंका नको असेल, तर तरुणांनी आधी स्वतःचं सांगावं. मी तसंच केलं. माझा कागद झाला, मग यजमान बसले, आणि आत्या म्हणाल्या, "बघू, काय लिहिलंय?"

पाटल्यांचा निर्णय तेवढा अजून पक्का नाही. ज्या नातीचा फोन शेवटी आला, तिच्या त्या होतात.

यंदा दिवाळीला पोरं घरी जमतील. फराळ झाला की तासभर टीव्ही बंद ठेवा. कागदपत्रं कुठल्या कपाटात आहेत, मशीनवर ठेवायचं की नाही, सकाळचा चहा कसा आवडतो, हे आधी तुमचं तुम्ही सांगा. मग घरातल्या थोरल्या माणसाकडे वळा. ते जे सांगतील ते वहीत उतरवून घ्या. दागिन्यांचं तेवढं पेन्सिलीनं लिहा.