अंत्यसंस्कार : तत्त्व आणि साधन

देह पंचमहाभूतांतून आला आणि पंचमहाभूतांनाच परत द्यावयाचा, हे अंत्येष्टी संस्कारामागील तत्त्व आहे. पाश्चात्त्य देशांत ‘हरित दफन’ या नावाने चाललेली चळवळ आज वेगळ्या शब्दांत जवळपास हेच सांगत आहे. इंग्लंडमधील कार्लाइल येथे १९९३ मध्ये तशी दफनभूमी सुरू झाली. देहावर रसायनांचा लेप नाही, वार्निश केलेली पेटी नाही, संगमरवरी थडगे नाही. साध्या वस्त्रात देह मातीत ठेवायचा आणि तेथे झाड वाढू द्यायचे.

आपल्याला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. लिंगायत समाजात, नाथपंथीयांत आणि संन्याशांत देह भूमीला अर्पण करण्याची परंपरा आहे. तान्ह्या बालकांनाही आपण मातीतच ठेवतो. म्हणजे अग्नी आणि भूमी हे दोन्ही मार्ग आपलेच आहेत.

प्रश्न आहे तो मुंबईसारख्या महानगराचा. मरोळचे उदाहरण घ्या. येथील ख्रिस्ती वस्ती जुनी आहे. आज सीप्झच्या आवारात भग्नावस्थेत उभे असलेले १५७९ चे चर्च १८४० मध्ये साथीमुळे सोडून गावकरी मरोळला आले. मुस्लिम वस्तीही येथे मोठी आहे. ज्यांच्याकडे दफनाचीच रीत आहे, त्यांना जागेची चणचण जाणवते. मुंबईत तीच कबर काही वर्षांनी पुन्हा वापरावी लागते. इस्लामी रिवाजात देह कफनात, पेटीशिवाय ठेवला जातो. वसईतील काही चर्चनीही पेटीऐवजी वस्त्रात दफन करण्याची पद्धत स्वीकारली आहे. ती अनुकरणीय आहे. परंतु ज्या शहरात जिवंत माणसाला जागा नाही, तेथे दहन करणाऱ्या समाजाने दफनाकडे वळावे, असे कोणी सुचवणार नाही. आपले उत्तर आपल्या अग्निसंस्कारातच शोधावे लागेल.

पारंपरिक चितेला साधारण ३०० ते ४०० किलो लाकूड लागते. मरोळला लागूनच आरे आहे. तेथे २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, तेव्हा मुंबईकर हळहळले. तीच हळहळ चितेवर लाकूड रचताना आपल्याला का वाटू नये? मुंबई महापालिकेने अलीकडच्या वर्षांत काही स्मशानभूमींत सुधारित चिता बसवल्या आहेत. त्यांत १०० ते १२५ किलो लाकडात दहन पूर्ण होते. विद्युतदाहिनी आणि गॅसदाहिनी तर आहेतच.

‘पण शास्त्राला हे चालेल का?’ असा प्रश्न घरातील वडीलधारी मंडळी विचारतात. त्यांच्या भावनेची थट्टा करू नये. मात्र देशावर गोवऱ्यांवर दहन होते, ते अशास्त्रीय आहे असे कोणी म्हटलेले ऐकिवात नाही. शास्त्राला अग्नी हवा आहे. लाकडाचे वजन हे साधन आहे. मंत्र म्हणता येतात, अखेरचे पाणी देता येते, अस्थी मिळतात. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी आपले दहन विद्युतदाहिनीत व्हावे, असे मृत्युपत्रातच लिहून ठेवले होते. २६ फेब्रुवारी १९६६ रोजी ते गेले आणि त्यांच्या इच्छेनुसारच अंत्यसंस्कार झाले. हिंदुत्वाच्या या भाष्यकाराला त्यात धर्महानी दिसली नाही.

खरी अडचण वेळेची आहे. मृत्यूनंतरच्या त्या दोन-चार तासांत कोणीही नवा विचार करू शकत नाही. शोकाकुल मुलगा ‘लोक काय म्हणतील’ या धाकाने नेहमीचीच चिता रचायला सांगतो, आणि त्याला दोष देता येत नाही. म्हणून हा निर्णय ज्याचा त्याने, धडधाकट असताना, घरच्यांसमोर बोलून आणि कागदावर लिहून ठेवावा. कार्यकर्त्यांनीही दुःखाच्या घरी उपदेश करण्यापेक्षा आपल्या भागातील स्मशानभूमीत कोणती सोय आहे, ती चालू आहे की बंद, याची माहिती आधीच करून घ्यावी आणि बंद असल्यास प्रशासनाकडे पाठपुरावा करावा.

आयुष्यभर ज्या भूमीला आपण माता म्हणतो, तिच्यावर अखेरचा भार तरी हलका ठेवणे, हेही मातृऋणच आहे.