मुलांपासून काय लपवावयाचे?

'ब्रिज टू टेराबिथिया' हा २००७ साली प्रदर्शित झालेला अमेरिकन चित्रपट मुलांना दाखवू नये, असे आमच्या परिचयातील काही सुबुद्ध पालकांचे ठाम मत आहे. कारण एकच : त्यातील लहान मुलगी मरते. हे मत आम्हांस मान्य नाही. ते मुलांवर अन्याय करणारे आहे, असे आम्हांस वाटते.

कथा साधी आहे. जेस हा गरीब घरातला, चित्रे काढणारा, अबोल मुलगा. शेजारी राहावयास आलेल्या लेस्लीशी त्याची मैत्री जडते. ओढ्यापलीकडच्या रानात दोघे आपले काल्पनिक राज्य वसवतात. झाडाच्या दोराला लोंबकळून ओढा ओलांडला, की राज्यात प्रवेश. एके दिवशी जेस एकटाच आपल्या बाईंबरोबर संग्रहालय पाहावयास जातो, आणि इकडे दोर तुटून लेस्ली बुडते. तिला बरोबर नेले असते तर, ही टोचणी त्याला छळते.

जाहिरातीत राक्षस व अद्भुत प्राणी यांचीच गर्दी होती. जादूचा खेळ समजून मुलांना घेऊन गेलेल्या पालकांना आपण फसवले गेलो असे वाटले, ते रास्तच होय. परंतु तो दोष पाटीचा; दुकानातल्या मालाचा नव्हे.

मूळ कादंबरी कॅथरिन पॅटरसन यांची, १९७७ सालची. त्यांच्या मुलाची आठ वर्षांची मैत्रीण वीज पडून दगावली; त्या आघाताचा अर्थ लावताना ही कादंबरी जन्मली. पुढे त्याच मुलाने, डेव्हिडने, चित्रपटाच्या पटकथालेखनात भाग घेतला. हे दुःख मुलांना पेलणारे नाही असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे, की ते एका मुलाच्याच वाट्याला आले होते.

आणि आपण मराठी माणसांनी तरी हा आक्षेप कोणत्या तोंडाने घ्यावा? आचार्य अत्रे यांच्या १९५३ सालच्या 'श्यामची आई'ला आपल्या वडीलधाऱ्यांनी आपणांस हात धरून नेले. त्यात आई मरते. ती भूमिका करणाऱ्या वनमालाबाई ग्वाल्हेरच्या पवार घराण्यातल्या. म्हणून आम्हां ग्वाल्हेरकरांना त्या चित्रपटाचा अभिमान अंमळ अधिकच. त्या अंधारात आम्ही हुंदके देऊन रडलो, शेजारी आईही पदराने डोळे टिपत होती. त्या रडण्याने आमचे काही बिघडले, असे कोणी म्हटल्याचे आम्हांस स्मरत नाही.

आम्हीही निर्दोष नाही. आमच्या घरात नातवाची आजी गेली, तेव्हा त्याला शेजाऱ्यांकडे पाठवून 'आजी गावाला गेली' असे आम्ही सांगितले. परत आल्यावर फडताळातला चष्मा पाहून तो म्हणाला, "आजोबा, आजी चष्मा न घेताच कशी गेली?" आम्हांपाशी उत्तर नव्हते. पुढे कित्येक दिवस त्याने आजीचे नाव काढले नाही. त्याला सत्य कळले होते. ते बोलण्याची या घरात मुभा नाही, हेही कळले होते.

अगदी चिमुकल्यांना हा चित्रपट दाखवू नये, हे आम्हांस मान्य आहे. वयाचा विचार हवाच. २०२३च्या कायदेदुरुस्तीने 'यूए' वर्गाचे सात, तेरा व सोळा वर्षे असे तीन भाग केले, तेही योग्यच झाले. परंतु आयुष्यभर फायलींवर शेरे मारल्यावर आम्हांस एक गोष्ट पक्की ठाऊक आहे : शेऱ्याने जबाबदारी संपत नाही. प्रमाणपत्र वय सांगते. मुलाशेजारी कोण बसणार, हे सांगत नाही.

आक्षेप घेणारे शेवटाविषयी मात्र मौन पाळतात. जेस ओढ्यावर लाकडी पूल बांधतो आणि धाकट्या बहिणीला त्या राज्यात घेऊन जातो. तुटक्या दोराच्या जागी पूल! दुःखातून वाट कशी काढावी, हे मुलांना याहून सोप्या रीतीने कसे सांगणार?

वाचकहो, मृत्यू कोणत्याच घरी वय विचारून येत नाही. तो येण्यापूर्वी नातवंडांना जवळ घेऊन हा चित्रपट पाहावा. ती रडली तर रडू द्यावीत, आणि चष्म्याविषयी विचारले, तर खरे ते सांगावे.