पॉलिएस्टरचा तिरंगा आणि आपली रुई



मुंबईच्या पूर्व टोकाला मानखुर्द आहे. दुष्काळाने आणि पडेल भावाने आपल्या गावांतून हुसकलेली पुष्कळ कुटुंबे तिथल्या चाळी-झोपड्यांत राहतात. इंडियाच्या पोटात दडलेला हा भारत. त्यांची पोरे महापालिकेच्या शाळेत जातात आणि पंधरा ऑगस्टला इस्त्रीचा गणवेश घालून ध्वजवंदनाला उभी राहतात. 2022 पासून 'हर घर तिरंगा' आले आणि शाळेबरोबर घरावरही झेंडा लागू लागला. मास्तर, आईबाप, पोरे सगळे मनापासून राबतात. त्यांच्याबद्दल आमची काडीची तक्रार नाही.

आमचा सवाल सरकारला आहे. झेंडा कशाचा?

30 डिसेंबर 2021 रोजी ध्वजसंहिता बदलली. तोवर झेंडा हातसुताचा, हातमागाचाच लागे. बदलानंतर यंत्रावरचा आणि पॉलिएस्टरचाही चालू लागला. लगेच सुरतेहून पॉलिएस्टरचे झेंडे कोटींनी निघाले. नांदेड-उदगीरला खादीचा तिरंगा करणारे हात आहेत, ते बघत राहिले.

खादी महाग, गरिबाला कशी परवडणार, असे पुढारी सांगतात. खरे आहे. पण यंत्रावरच्या सुती झेंड्यालाही त्याच दुरुस्तीने मुभा दिली आहे, हे ते सांगत नाहीत. मग हिशेब करू. क्विंटलभर कापसातून साधारण 34 किलो रुई निघते. वीस बाय तीस इंची झेंड्याला चाळीसेक ग्रॅम सूत धरा. घट वजा जाता सातशेवर झेंडे होतात. 2022-23 चा लांब धाग्याचा हमीभाव 6380 रुपये, म्हणजे एका झेंड्यात कापूस नऊ रुपयांचा, तोही सरकीचे पैसे न वजा करता! टपाल खात्याने त्या वर्षी झेंडा विकला 25 रुपयांना. सुती झेंडा तेवढ्यात बसला नसता, चार पैसे जास्त लागले असते. पण तो परवडतच नाही, हे कुणी हिशेबाने दाखवलेले नाही.

पॉलिएस्टरवर बंदी घाला असे आम्ही म्हणत नाही. ज्याला हवे त्याने खुल्या बाजारात घ्यावे. पण बाजार खुला आहे कुठे? 1985 च्या कापड धोरणाने कृत्रिम धाग्याला झुकते माप दिले, तेव्हा संघटनेने 'राजीवस्त्रा'विरुद्ध रान उठवले होते. माप अजून तसेच झुकलेले आहे. 2022 च्या वसंतात कापूस दहा हजारांवर गेला. चार पैसे गाठीला लागतील असे वाटले, तोच 14 एप्रिलपासून रुईवरचे 11 टक्के आयातशुल्क माफ झाले. त्या पंधरा ऑगस्टला वर पॉलिएस्टर फडकत होते आणि खाली बंदरात परदेशी रुई बिनशुल्क उतरत होती. 2025 मध्ये तर झेंडा उतरवून तीन दिवस झाले नाहीत तोच, 18 ऑगस्टला, पुन्हा शुल्कमाफीचा हुकूम निघाला. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत. नेमकी आपली वेचणी सुरू होते तेव्हा!

जिल्हा बैठकीत दोन ठराव मांडायचे आहेत. वेचणीच्या हंगामात रुईची शुल्कमाफी नको, हा पहिला. शाळांसाठी सरकारी पैशातून घेतलेला प्रत्येक झेंडा सुतीच असावा, हा दुसरा. गावच्या शाळा व्यवस्थापन समितीत आपली माणसे आहेत. त्यांच्या सह्या घेऊन या. मानखुर्दला ज्यांचे भाऊबंद आहेत त्यांनी हाच कागद तिकडच्या शाळेतही पोचवावा.