पोराला एस.एस.बी.चे बोलावणे आले, तर...



या सदरात आपण नेहमी लागण, खोडवा, खते आणि हुमणी यांविषयी बोलतो. आज जरा बांध ओलांडून बोलू या. फिरतीवर असताना अलीकडे दोन-तीन गावांत मला एकच प्रश्न विचारला गेला, "साहेब, पोरगं एन.डी.ए.ची लेखी परीक्षा पास झालंय. आता पाच दिवसांच्या मुलाखतीला बोलावलंय. तयारी कशी करून घ्यायची?" एका घरी तर दुभती म्हैस विकून पोराला शहरातल्या क्लासला घालायचे घाटत होते. म्हणून निवृत्त फौजी अधिकाऱ्यांना भेटलो, जाऊन आलेल्या पोरांशी बोललो. जे कळले ते तुमच्यापुढे ठेवतो.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्याला फौज नवी नाही. शिरोळ तालुक्यातल्या एका टाकळीला लोक 'सैनिक टाकळी' म्हणूनच ओळखतात. गडहिंग्लज, आजरा, चंदगडकडे घराघरांत भिंतीवर गणवेशातला फोटो असतो. जवानांची भरती कशी होते, किती धावावे लागते, हे आपल्या पोरांना पाठ असते. अधिकारी कसा निवडतात हे मात्र घरात कुणालाच ठाऊक नसते. वास्तविक आपल्याच जिल्ह्यातील वडगावचे शंकरराव थोरात हे लेफ्टनंट जनरल झाले होते. १९४५ साली ब्रह्मदेशात कांगावच्या लढाईत त्यांनी आपल्या पलटणीचे नेतृत्व केले आणि डी.एस.ओ. हा मोठा सन्मान मिळवला. पुढे ते पूर्व विभागाचे सेनापती झाले आणि १९६१ साली निवृत्त झाले. त्यांना अधिकारी होण्यासाठी इंग्लंडात सँडहर्स्टला जावे लागले. आज एन.डी.ए. पुण्याजवळ खडकवासल्याला आहे. एस.टी.ने सकाळी निघालात तर दुपारी पोहोचाल.

कोणाला जाता येते?

बारावी शिकत असलेल्या किंवा झालेल्या मुलामुलींसाठी एन.डी.ए.ची परीक्षा वर्षातून दोनदा होते. लष्करासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. नौदल आणि हवाई दलासाठी भौतिक, रसायन आणि गणित हे विषय लागतात. पदवी झालेल्यांसाठी सी.डी.एस. परीक्षा आहे. एन.सी.सी.चे 'सी' प्रमाणपत्र आणि पदवी असेल, तर लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखतीची वाट आहे. पशुवैद्यकाची पदवी घेतलेल्यांनाही लष्कराच्या पशुवैद्यकीय शाखेत अधिकारी होता येते. जवान म्हणून भरती झालेल्यालाही पुढे आर्मी कॅडेट कॉलेजमार्गे अधिकारी होता येते. दारे अनेक आहेत, पण आत जायचा उंबरा एकच, तो म्हणजे एस.एस.बी., अर्थात सेवा निवड मंडळ.

आणि मुलींच्या आईबापांनो, २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने एन.डी.ए.ची परीक्षा मुलींनाही खुली झाली. मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून शिक्षण पुरे करून बाहेर पडली. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक २०१५ साली काश्मीरमध्ये हुतात्मा झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी त्यानंतर हीच एस.एस.बी. पार केली आणि २०१७ साली त्या अधिकारी झाल्या. तेव्हा 'पोरीला कुठं पाठवता' असे म्हणण्याआधी थोडे थांबा.

पाच दिवसांत काय होते?

एन.डी.ए.ची लेखी परीक्षा ९०० गुणांची आणि एस.एस.बी.ही ९०० गुणांचीच असते. म्हणजे लेखी पास झाला तो अजून निम्म्याच वाटेवर आहे.

तिथे राहण्या-जेवणाची सोय सरकारी असते. पहिल्यांदाच बोलावणे आलेल्याला नियमाप्रमाणे रेल्वेभाडेही मिळते. प्रत्येकाच्या छातीवर नंबर लावतात आणि त्याच नंबराने हाक मारतात. कोण पाटलाचा, कोण कर्नलचा, हे तिथे चालत नाही.

पहिल्या दिवशी चाळणी होते. बुद्धिमत्तेची चाचणी घेतात आणि एक पुसटसे चित्र ३० सेकंद दाखवून त्यावर ४ मिनिटांत गोष्ट लिहायला सांगतात. मग गटात बसून त्या गोष्टीवर बोलायचे असते. बरीच पोरे त्याच दिवशी परत निघतात.

दुसऱ्या दिवशी मानसशास्त्राच्या लेखी चाचण्या असतात. ११ चित्रे आणि एक कोरा कागद, अशा १२ गोष्टी लिहायच्या. ६० शब्द एकेक करून दाखवतात, प्रत्येकाला फक्त १५ सेकंद. शब्द पाहून मनात येईल ते वाक्य लिहायचे. नंतर ६० प्रसंग ३० मिनिटांत सोडवायचे. शेवटी स्वतःविषयी लिहायचे असते. आईवडील तुझ्याबद्दल काय म्हणतात, शिक्षक काय म्हणतात, मित्र काय म्हणतात, आणि तुला स्वतःला काय वाटते?

पुढचे दोन दिवस मैदानावरचे. फळी, बल्ली आणि दोर घेऊन गटाने अडथळा पार करायचा असतो. लाल रंग दिलेल्या भागाला हातपाय लावायचे नसतात. एकट्याने १० अडथळे ३ मिनिटांत करायचे असतात. दिलेल्या विषयावर ३ मिनिटे विचार करून ३ मिनिटे सर्वांसमोर बोलायचे असते. याच दिवसांत कधीतरी अधिकाऱ्यासमोर समोरासमोर मुलाखत होते. पाचव्या दिवशी सगळे परीक्षक एकत्र बसून निकाल ठरवतात.

यातली मेख नीट ध्यानात घ्या. मानसशास्त्रज्ञ पोराचे लिखाण वाचतो, मुलाखत घेणारा त्याचे बोलणे ऐकतो आणि मैदानावरचा अधिकारी त्याचे वागणे बघतो. तिघे स्वतंत्रपणे पारखतात. आपल्याकडे मनसा, वाचा, कर्मणा म्हणतात, त्याच तत्त्वावर ही पद्धत उभी आहे. लिहिताना शूर, बोलताना नम्र आणि फळी उचलायची वेळ आली की मागे, असा पोरगा तिथे उघडा पडतो. पाठ केलेली उत्तरे एका ठिकाणी चालतील, तीन ठिकाणी जुळणार नाहीत.

शेतकऱ्याच्या पोराची शिदोरी

आता माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. लेखी पास झालेल्या एका हुशार मुलाला मी सहज विचारले, "तुमची जमीन किती?" तो वडिलांकडे पाहू लागला. "एकरी ऊस किती टन पडतो?" गप्प. "सोसायटीचे कर्ज किती?" गप्प. गणितात त्याला चांगले गुण होते, पण घरचे गणित ठाऊक नव्हते. आईने कौतुकाने सांगितले, "त्याला आम्ही शेतातलं काही लावलंच नाही, नुसता अभ्यास." मला वाटते, आपली फसगत होते ती इथेच.

मुलाखतीआधी पोराकडून एक माहितीपत्रक भरून घेतात. त्यात वडिलांचा धंदा, उत्पन्न, भावंडे, शाळा, गुण, खेळ, छंद आणि आजवर पार पाडलेल्या जबाबदाऱ्या लिहायच्या असतात. प्रश्न त्यातूनच निघतात. वडील शेतकरी म्हटल्यावर साहेब शेतीचे विचारणारच. ऊसच का लावता, दुसरे पीक का नाही? पाणी नदीचे की विहिरीचे? कारखाना बिल कधी देतो? दूध कुठे घालता? राधानगरीचे धरण कोणी आणि कशासाठी बांधले? पंचगंगेला पूर का येतो? शेतात वाढलेल्या पोराला याची उत्तरे सांगता आली नाहीत, तर डोळे उघडे ठेवून जगणारा हा पोरगा नव्हे, असेच साहेब समजणार.

काही घरांत पोराला शिकवतात की 'शेती' लिहू नकोस, 'व्यवसाय' लिही. असे मुळीच करू नका. अडीच एकरांचा मालक असलेल्या बापाची माहिती मान वर करून देणारा पोरगा साहेबाला आवडतो. लाजणारा आवडत नाही.

मैदानावरही हीच शिदोरी कामी येते. तिथे एक नकाशा मांडून एकाच वेळी चार-पाच संकटे सांगतात आणि माणसे, वेळ, साधने मोजकीच देतात. आधी कुठे धावायचे ते गटाने ठरवायचे असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये आपण हेच केले नाही का? पाणी चढत होते. म्हातारी माणसे, दावणीची जनावरे, नदीकाठच्या मोटारी, घरातले धान्य, सगळे एकाच रात्री वाचवायचे होते. आधी माणूस, मग जनावर, मग मोटार, हा हिशेब आपल्या पोरांनी पाहिलेला आहे. गुऱ्हाळावर काहील उतरवताना एकाने हिसका मारून चालत नाही, सगळ्यांचा जोर एकदम लागावा लागतो. तेही त्यांनी पाहिले आहे. फक्त ते आठवून, शब्दांत मांडायला शिकले पाहिजे.

घरी काय करावे?

पहिली गोष्ट, पोराला घरच्या कारभारात घ्या. सोसायटीत, बँकेत, तलाठ्याकडे त्याला एकट्याला पाठवा. पाण्याच्या पाळीचे भांडण त्याला मिटवू द्या. एका हंगामाचा जमाखर्च त्याच्या हातून लिहून घ्या. 'जबाबदारी घेतलीस का?' या प्रश्नाला मग खरे उत्तर मिळेल.

दुसरी गोष्ट, बोलण्याची सवय. रोज रात्री जेवणानंतर एक विषय द्या आणि त्याला ३ मिनिटे उभे राहून बोलायला लावा. आज मराठीत, उद्या हिंदीत, परवा इंग्रजीत. इंग्रजी साहेबी नसले तरी चालेल, पण स्वच्छ आणि समजेल असे हवे. रोज एक इंग्रजी बातमी मोठ्याने वाचायला लावा. आजीला कळले नाही तरी ती ऐकेल.

तिसरी, खेळ. एकट्याने धावणे चांगलेच, पण कबड्डी, खो-खो, फुटबॉल असा संघाचा खेळ जरूर असावा. कोल्हापूरच्या पोरांना फुटबॉल सांगायला नको.

चौथी, 'माहीत नाही' म्हणायला शिकवा. उत्तर येत नसेल तर 'सर, मला माहीत नाही, मी माहिती करून घेईन' एवढे पुरे. थापेबाजीने पोरगा एका प्रश्नातून सुटतो आणि पुढच्या तिन्हीत अडकतो.

पाचवी, कागदपत्रे. दहावीचे प्रमाणपत्र, आधार आणि शाळेचा दाखला यांवर नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे ना, हे आजच पाहा. एका अक्षराच्या फरकासाठी ऐनवेळी धावाधाव होते. त्याचप्रमाणे दात, कान आणि डोळे आधीच डॉक्टरांकडून तपासून घ्या. कारण मंडळाने शिफारस केल्यावर वैद्यकीय तपासणी असते आणि त्यानंतर गुणवत्ता यादी लागते. शिफारस झाली म्हणून लगेच गावात पेढे वाटू नका.

म्हैस विकू नका

क्लास वाईट असे मी म्हणत नाही. चाचण्यांचा सराव झाला तर भीती मोडते. पण त्यासाठी दावणीची म्हैस विकायची गरज नाही. राज्य शासनाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र नाशिक रोडला आहे. लेखी परीक्षा पास झालेल्या महाराष्ट्रातल्या उमेदवारांना तिथे एस.एस.बी.चे मोफत प्रशिक्षण मिळते, राहण्या-जेवणासह. त्याची चौकशी कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करा. धाकटी मुले असतील, तर दहावीनंतरच्या दोन वर्षांसाठी छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वतयारी संस्था आहे. ती १९७७ पासून चालू आहे. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला निघाली आहे. सातारच्या सैनिक स्कूलची तर १९६१ पासूनची परंपरा आहे.

आणि कोणी 'आत ओळख आहे, एवढे पैसे द्या' म्हणाला, तर त्याला चहाही न पाजता वाटेला लावा. तिघांनी तीन बाजूंनी पारखलेल्या निकालात मध्यस्थाला जागा नाही. तो पैसा बुडाला समजा.

परत आला तर?

शेवटी, मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते बापाशी. जाणाऱ्या पोरांपैकी बहुतेक परत येतात. पोरगा बॅग घेऊन स्टँडवर उतरेल तेव्हा 'एवढा खर्च केला आणि काय झालं?' हे वाक्य तोंडातून काढू नका. तिथे नापास हा शब्दच नाही. या वेळी शिफारस झाली नाही, एवढेच. वयात बसत असेल तर पुन्हा जाता येते. एकदा, दोनदा परत येऊन पुढच्या खेपेला निवडले गेलेले अधिकारी थोडे नाहीत. पोराला दोन दिवस स्वस्थ बसू द्या. मग शांतपणे विचारा, कुठे अडलास? जे अडले त्यावर सहा महिने काम करू द्या. मात्र पदवीचे शिक्षण बंद पाडू नका. सगळी जमीन एकाच पिकाखाली घालू नये हे मी तुम्हांला वर्षानुवर्षे सांगत आलो, तेच इथेही लागू आहे.

निवडला गेला नाही तरी कारभार शिकलेला, चारचौघांत बोलणारा, खरे सांगणारा पोरगा घरात उरतो. सोसायटीला, ग्रामपंचायतीला आणि तुमच्या शेतीलाही तसाच माणूस हवा आहे.

ज्यांच्या घरी बोलावणे आले असेल त्यांना माझ्या मनापासून शुभेच्छा. पुढच्या अंकात खोडव्यातील पाचट न जाळता कसे कुजवावे ते पाहू. तोवर पाचटाला काडी लावू नका, एवढीच विनंती.