आधी शपथ, मग सिंहासन

आषाढसरींनी इकडे आपली अंगणे चिंब भिजलेली असताना तिकडे ब्रुसेल्समध्ये भर उन्हाळा असतो, आणि २१ जुलैला ते शहर काळ्या, पिवळ्या, तांबड्या झेंड्यांनी सजते. कॅथीड्रलमध्ये आभारप्रार्थना होते, राजवाड्यासमोर संचलन होते, रात्री आतषबाजी होते. राष्ट्रीय सणाचा हा थाट आपल्याला परका नाही. ध्वजाला वंदन करून गेल्या वर्षाचा हिशेब मनाशी मांडण्याची रीत आपल्याही अंगवळणी पडली आहे. तरीही या तारखेपाशी घटकाभर थांबावेसे वाटते, कारण बेल्जियमने आपला राष्ट्रीय दिन म्हणून जपली आहे ती एका शपथेची तारीख. ती शपथ घेतली गेली तेव्हा राष्ट्रसभेचे अध्यक्षपद ज्यांच्याकडे होते, त्या एतिएन द झेर्लाश यांनी एक राज्य मोडताना पाहिले, दुसरे घडवायला हात लावला आणि पुढे लेखणी घेऊन मोडलेल्या राज्याचा इतिहासही लिहिला.

झेर्लाश यांचा जन्म १७८५ च्या डिसेंबरातला, लक्झेंबर्गच्या मुलखातल्या बिऊर्ज या लहानशा गावातला. त्या वेळी तिथे ऑस्ट्रियाचा अंमल होता. ते पोरवयात असतानाच फ्रान्सची सत्ता आली, आणि त्यांनी तिशी गाठेपर्यंत नेपोलियनचा पाडाव होऊन युरोपातल्या बड्या सत्तांनी हा सारा दक्षिणेकडचा प्रदेश हॉलंडला जोडून टाकला होता. पॅरिसमध्ये कायदा शिकून, काही काळ तिथेच वकिली करून ते लिएजला स्थायिक झाले आणि १८२४ मध्ये या संयुक्त राज्याच्या संसदेत गेले. दक्षिणेची लोकसंख्या उत्तरेपेक्षा बरीच अधिक, पण कनिष्ठ सभागृहातल्या ११० जागा मात्र दोघांत निम्म्यानिम्म्या. वृत्तपत्रांवर खटले, शिक्षण सरकारच्या मुठीत, राज्यकारभाराच्या भाषेची सक्ती. राजा पहिला विल्यम कर्तबगार होता, यात शंका नाही. त्याने कालवे खोदले, उद्योगांना भांडवल मिळवून दिले, लिएजचे विद्यापीठही त्यानेच १८१७ मध्ये स्थापिले. पण प्रजेला विचारण्याची त्याला सवय नव्हती, आणि जे न विचारता दिले जाते त्याची कृतज्ञता फार काळ टिकत नाही.

झेर्लाश कट्टर कॅथलिक. पोपच्या अधिकारापुढे दुसरे काही न मानणाऱ्या पंथातले. आणि तरीही १८२८ च्या सुमारास कॅथलिकांनी आणि उदारमतवाद्यांनी, म्हणजे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या दोन पक्षांनी, हातमिळवणी करावी यासाठी ते झटले. एकाला शाळांचे स्वातंत्र्य हवे होते, दुसऱ्याला छापखान्याचे. दोघांनी एकमेकांची मागणी आपली मानली. आपल्याला झेर्लाश यांचे मोठेपण इथे अधिक दिसते, पुढच्या मानसन्मानांत तितकेसे नाही. ज्याचे विचार आपल्याला पटत नाहीत त्याच्या बोलण्याच्या हक्कासाठी उभे राहणे कोणत्याही काळात सोपे नसते.

१८३० च्या ऑगस्टमध्ये ब्रुसेल्सच्या नाट्यगृहातून लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा झेर्लाश क्रांतीच्या बाजूचे नव्हते. राजघराणे राहावे, हॉलंडशी असलेले नातेही राहावे, असेच त्यांना वाटत होते. सप्टेंबरात राजाच्या फौजा शहरात शिरल्या, चार दिवस रक्त सांडले, आणि मग परतीची वाट उरली नाही. त्यांचे मत बदलले ते इथे. हंगामी सरकारने घटनेचा मसुदा करण्यासाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष झाले, राष्ट्रसभेत निवडून गेले, आणि १८३१ च्या फेब्रुवारीत सुर्ले द शोकिए यांची राजप्रतिनिधी म्हणून नेमणूक झाल्यावर राष्ट्रसभेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. मधले काही दिवस मंत्रिमंडळाचे प्रमुखपदही त्यांनी सांभाळले.

घटना ७ फेब्रुवारीलाच मंजूर झाली होती. राजा अजून सापडायचा होता. फ्रान्सच्या राजपुत्राची निवड झाली, पण त्याच्या वडिलांनी नकार दिला. अखेर ४ जूनला १९६ पैकी १५२ मतांनी लिओपोल्ड यांची निवड झाली. राणी व्हिक्टोरियाचे मामा म्हणून हे नाव आपल्या वाचनात आलेले असते. मुकुट देऊ करण्यासाठी जे शिष्टमंडळ लंडनला गेले त्याचे नेते झेर्लाश होते.

२१ जुलै १८३१ चा तो सोहळा जरा जवळून पाहण्यासारखा आहे. ब्रुसेल्सच्या राजचौकात, चर्चच्या दाराशी मंच उभारला होता. प्रथम राजप्रतिनिधीने आपले अधिकार राष्ट्रसभेच्या हाती परत दिले. मग घटना मोठ्याने वाचण्यात आली. घटना व कायदे पाळीन, देशाचे स्वातंत्र्य आणि भूमी अखंड राखीन, अशी शपथ लिओपोल्डनी घेतली. त्यानंतरच ते सिंहासनाकडे वळले. शतकानुशतके युरोपातले राजे चर्चच्या आत, धर्मगुरूच्या हातून मुकुट घेत आले. इथे सारे काही दाराबाहेर, चौकात, लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींसमोर झाले. तो क्रम आजही मोडलेला नाही. राजा निवर्तला की वारस आपोआप राजा होत नाही. संसदेपुढे शपथ होईपर्यंत सिंहासन रिकामे राहते. १९९३ मध्ये राजे बोदुआं ३१ जुलैला गेले आणि नव्या राजाची शपथ ९ ऑगस्टला झाली. मधले दिवस राजाचे अधिकार मंत्र्यांकडे होते.

झेर्लाश यांचे पुढचे आयुष्य वरवर पाहता शांत गेले. १८३२ पासून पुढची ३५ वर्षे ते देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे प्रमुख न्यायाधीश होते. १८३४ च्या २२ जुलैला राजाज्ञेने इतिहास आयोग स्थापन झाला, त्याचेही अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. अप्रकाशित बखरी आणि कागद शोधून, तपासून, छापून काढणे हे त्या आयोगाचे काम. त्यांचे सहकारी गाशार यांनी तर स्पेनमधल्या सिमांकासच्या दफ्तरखान्यात बसून बेल्जियमच्या इतिहासाची पाने उलगडली. कालपरवा जन्मलेल्या राष्ट्राने, अजून हॉलंडशी तहही पुरा झालेला नसताना, आधी जुने कागद जपण्याची तजवीज करावी, ही गोष्ट मनाला भावते.

१८३९ मध्ये तह झाला आणि त्याच वर्षी झेर्लाश यांचा ‘नेदरलँड्सच्या राज्याचा इतिहास’ प्रसिद्ध होऊ लागला. १८१४ पासून १८३० पर्यंतची ती कहाणी त्यांनी स्वतः जगलेली होती. हा इतिहास तटस्थ नाही. राजाच्या विरोधी बाकावर बसलेल्या, श्रद्धाळू कॅथलिक माणसाची ती साक्ष आहे, आणि ती साक्ष म्हणूनच वाचायला हवी. पण ज्याने निर्णयात भाग घेतला त्याने त्या निर्णयाची कारणे पुढच्या पिढीसाठी लिहून ठेवावीत, हे त्यांनी आपले कर्तव्य मानले. सत्तेच्या दालनांतून बाहेर पडलेली कितीतरी माणसे काही न सांगताच निघून जातात, आणि त्यांच्यामागे आपल्या हाती तर्क तेवढे उरतात.

जी दोन पक्षांची एकी त्यांनी घडवली होती ती मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत विरली. १८४७ मध्ये उदारमतवाद्यांचे स्वतंत्र सरकार आले. १८५२ मध्ये झेर्लाश यांनी देशातल्या पक्षांच्या वाटचालीवर निबंध लिहिला. मेखेलेनला १८६३ पासून भरलेल्या कॅथलिक परिषदांचे अध्यक्ष म्हणून ते दिसतात ते आपल्या गोटात परतलेले. तरीही १८५६ च्या जुलैत, राज्यारोहणाच्या पंचविसाव्या वर्षी, राष्ट्रसभेचे हयात सभासद पुन्हा राजचौकात जमले तेव्हा सर्वांच्या वतीने राजापुढे बोलायला उभे राहिले ते झेर्लाशच. १८७१ मध्ये त्यांचे निधन झाले.

हिशेब मांडायचा तर उणी बाजूही मांडायला हवी. ज्या राष्ट्रसभेच्या नावाने ही शपथ झाली ती सुमारे ४६ हजार मतदारांनी निवडलेली होती, आणि देशाची लोकसंख्या होती ४० लाखांच्या घरात. भाषेच्या सक्तीविरुद्ध उठलेल्या या पुढाऱ्यांनी स्वतःचे राज्य येताच सारा कारभार फ्रेंचमध्ये चालवला, निम्म्याहून अधिक प्रजा फ्लेमिश बोलत असूनही. ज्याने जाच सोसला तोच दुसऱ्याला जाचू लागतो, ही गोष्ट आपल्याला अस्वस्थ करते. ती चूक दुरुस्त व्हायला फार काळ लागला. कायद्यांच्या बाबतीत दोन्ही भाषांना समान मान मिळाला १८९८ मध्ये. घटनेचा डच पाठ अधिकृत ठरायला १९६७ साल उजाडले, आणि जर्मन पाठाला १९९१.

राष्ट्रीय दिन आधी सप्टेंबरात, लढाईच्या आठवणीने पाळला जाई. १८९० च्या कायद्याने तो शपथेच्या दिवशी आणला. २०१३ मध्ये राजे फिलिप यांनी नेमक्या याच तारखेला, २१ जुलैला शपथ घेतली. शब्द जवळजवळ तेच होते, लिओपोल्डनी उच्चारलेले. फिलिप यांनी ते डच, फ्रेंच आणि जर्मन अशा तिन्ही भाषांत उच्चारले.