कोबीला फाशी, डुकराला हद्दपारी

दर पावसाळ्यात कोबीवर खटला उभा राहतो. पानात लपलेली अळी पोटात जाते, तिथून मेंदूत चढते आणि माणसाला फिट येते, असा निरोप मोबाइलवर फिरतो आणि चांगले शिकलेसवरलेले लोक तो पुढे ढकलतात. कोबीवरची अळी पतंगाची किंवा फुलपाखराची असते. माणसाच्या मेंदूत तिचं काहीही काम नसतं. पण ज्यांना आरोपी हवाच आहे, त्यांना पुराव्याची काय पडलीय?

खरा आरोपी टीनिया सोलियम, म्हणजे डुकराच्या मांसातून येणारा पट्टकृमी. त्याचं घर मात्र डुकरात नाही, तुमच्या-आमच्या आतड्यात आहे. पूर्ण वाढलेला, काही मीटर लांबीचा कृमी फक्त माणसाच्या पोटात राहतो आणि विष्ठेतून हजारो अंडी बाहेर सोडतो. ती विष्ठा डुक्कर खातं आणि त्याच्या स्नायूंत भिजलेल्या साबुदाण्याएवढ्या गाठी धरतात. ते मांस कच्चं राहिलं, तर खाणाऱ्याच्या आतड्यात नवा कृमी वाढतो. इथवर व्यवहार पोटापुरता आहे. पण तीच अंडी माणसाने गिळली, की गाठी माणसाच्या स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत धरतात. मेंदूतल्या गाठीने आकडी येते आणि घरचे धावत जाऊन चप्पल हुंगवतात.

पुन्हा सांगतो, कारण हे वाक्य कानावरून जातं: मेंदूतली गाठ डुकराच्या मांसातून येत नाही, माणसाच्या विष्ठेतून येते. ‘आम्ही त्याला शिवतसुद्धा नाही’ असं मान ताठ करून सांगणाऱ्या मंडळींना या कृमीपासून कसलंही अभय नाही. न्यूयॉर्कमधल्या सनातनी ज्यूंना हा रोग झाल्याचा अहवाल 1992 साली प्रसिद्ध झाला. डुकराचं मांस धर्माने निषिद्ध, घरात कधी आलेलं नाही, आणि मेंदूत गाठी! माग काढला तेव्हा बोट घरकामाला ठेवलेल्या, कृमीग्रस्त देशांतून आलेल्या माणसांकडे गेलं. हे वाचून कुणी आपल्या घरच्या मावशींकडे संशयाने पाहणार असेल, तर त्याने आधी स्वतःची विष्ठा तपासून घ्यावी. हॉटेलात, लग्नाच्या पंगतीत, हात न धुणाऱ्या कुठल्याही सभ्य गृहस्थाच्या पोटात हा कृमी असू शकतो, आणि त्या गृहस्थाला त्याचा पत्ताही नसतो.

डॉक्टरांना हे आज कळलेलं नाही. हिंदुस्थानात राहून गेलेल्या ब्रिटिश सैनिकांना मायदेशी परतल्यावर फेफरं येऊ लागलं, तेव्हा त्यांच्या लष्करी डॉक्टरांनी हा माग काढला होता. अशा 450 रुग्णांचा अभ्यास 1961 साली छापून आला. पुढे सीटी स्कॅन आलं. तरुण भारतीय रुग्णांच्या मेंदूत एकच छोटी गाठ दिसू लागली, आणि ती क्षयाची समजून महिनोन्‌महिने क्षयाची औषधं दिली गेली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात राजशेखर आणि चांडी यांनी गाठी काढून तपासल्या, तेव्हा बहुतेक गाठींत हा कृमी निघाला. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जिथे हा कृमी मुरलेला आहे, तिथल्या अपस्माराच्या सुमारे 30 टक्के रुग्णांमागे तोच असतो. टाळता येणारा अपस्मार! आणि तो टाळायचा कुणी? आरोग्य खातं म्हणतं, डुक्कर आमचं नाही. पशुखात्याला या गाठींची घाई नाही, कारण गाठी भरलेलं डुक्कर सहसा आजारी दिसत नाही. ते खातं, पितं, वजन धरतं, विकलं जातं. लाळ्या-खुरकुताची, डुकरांच्या तापाची लस टोचायला सरकारी योजना आहेत, कारण तिथे जनावर खंगतं किंवा मरतं आणि धंदा बुडतो. इथे फक्त माणसाला झटके येतात.

आता नगरपालिकांचं शौर्य पाहा. वृत्तपत्रात ओरड झाली की डुक्करपकड मोहीम निघते. जाळी येतात, गाड्या येतात, डुकरं किंचाळत हद्दीबाहेर जातात आणि तिथल्या वस्तीत चरायला लागतात. मला एकच विचारायचं आहे: पकडलेल्यांपैकी किती डुकरांची जीभ कुणी उलटून पाहिली? जिभेखाली बोट फिरवून गाठी शोधणं ही जुनी, फुकटातली परीक्षा. हलकी लागण तिच्यातून निसटते, पण अनुभवी हाताला गाठ लागली तर ती बहुधा खरीच असते. आणि मोकाट डुक्कर आपल्या वस्तीच्या आसपासच फिरतं. कोवळ्या डुकरात गाठी सापडल्या याचा सरळ अर्थ, गेल्या काही महिन्यांत याच गल्ल्यांमध्ये पोटात कृमी असलेला कुणीतरी उघड्यावर बसला. इतकी नेमकी बातमी दुसरा कोणता खबऱ्या देईल?

ती बातमीच नको असते. 2 ऑक्टोबर 2019 रोजी ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली. वेशीवर कमानी लागल्या, सत्कार झाले. अशा गावातल्या डुकराच्या जिभेखाली गाठ निघाली, तर कमान खोटी ठरते. प्रमाणपत्रावर सरपंचाची सही चालते, डुकराची साक्ष चालत नाही. वर घाणीचा ठपका कुणावर? डुकरं पाळणाऱ्या कैकाडी, वडार वस्त्यांवर, जिथे संडास आणि पाणी पोचवायचं काम याच पालिका-पंचायतींचं होतं.

पेरूने हीच साक्ष कामाला लावली. जिभेवर गाठी असलेलं डुक्कर सापडलं की त्याच्या भोवतालच्या 100 मीटरमधली माणसं तपासायची किंवा त्यांना सरसकट औषध द्यायचं, ही पद्धत तिथल्या उत्तर भागात वापरून पाहिली. तुंबेस प्रांतात माणसं आणि डुकरं दोघांवर एकाच वेळी उपचार झाले, आणि 107 पैकी 105 गावांत कृमीचा प्रसार थांबल्याचं 2016 साली प्रसिद्ध झालं. श्रीमंत देशाची किमया नव्हे ही.

त्याच पेरूचा दुसरा धडा आपल्या दंडप्रिय साहेबांनी आधी वाचावा. डोंगराळ भागात गाठी सापडलेलं मांस जप्त व्हायचं. मग व्यापारी घरीच जीभ चाचपायचे आणि गाठीवालं डुक्कर सरकारी कत्तलखान्यात नेण्याऐवजी चोरबाजारात स्वस्तात विकायचे. सरकारी वही स्वच्छ, लोकांच्या ताटात गाठी. शिक्षेच्या धाकाने चालवलेली पाहणी अशीच आंधळी होते.

सगळ्यात चीड येते ती पुढच्या गोष्टीची. डुकराला या कृमीपासून वाचवणारी लस आहे. मेलबर्न विद्यापीठात मार्शल लाइटोलर्स यांनी ती घडवली. ऑक्सफेंडाझोल या जंतनाशकासोबत तिने कॅमेरून आणि नेपाळमध्ये डुकरांतला प्रसार रोखून दाखवला. आणि बाजारासाठी ती बनवली कुणी? हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सने, म्हणजे आपल्याच राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या कंपनीने. लस आपल्या दारात बनते आणि आपल्या उकिरड्यावरच्या डुकराला ती टोचण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम नाही!

तेव्हा जाळी गुंडाळा. पशुवैद्यकाला वस्तीत पाठवा आणि आरोग्यसेविकेला त्याच दिवशी, त्याच गाडीत. डुकरांना लस टोचा, जंताचं औषध पाजा. गाठीवालं डुक्कर निघालं तर मालकाला बाजारभावाने रोख पैसे जागेवर मोजा, म्हणजे पुढच्या वेळी तो स्वतः बोलवायला येईल. भोवतालच्या घरांत निक्लोसामाइड द्या. ते आतड्यातच राहतं, रक्तात फारसं उतरत नाही, म्हणून मेंदूत लपलेल्या गाठींना डिवचत नाही. आणि त्या गल्लीत पाण्याचा नळ असलेला संडास त्याच अंदाजपत्रकात बांधा, ज्यात आज डुक्करपकडीचा ठेका बसतो.